खानविलकर मॅडमची आचोळेकरीण

सुहासिनी खानविलकरांना चूक ऐकून घेता येत नसे. हा त्यांचा गुण म्हणायचा की खोड, यावर वसईच्या त्या कॉलेजात बरीच वर्षं दोन तट होते. एकदा वृक्षारोपणाला आलेले पाहुणे भाषणाच्या भरात म्हणाले, "उजेडावर जगायची विद्या देवाने फक्त हिरव्या पानाला दिली, आणि त्यातूनच आपल्याला प्राणवायू मिळतो." पहिल्या रांगेतून मॅडम बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "फक्त हिरव्या पानाला नाही. आणि प्राणवायू दर वेळी मिळतोच असंही नाही." पाहुणे थबकले, प्राचार्यांनी कपाळाला हात लावला आणि मागे उभ्या असलेल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना हसू आवरेना. मॅडम कोणाची बाजू घेऊन भांडतायत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या आचोळेकरणीची बाजू घेत होत्या.

आचोळेकरीण ही कोणी बाई नव्हे. ती जिवाणूंची एक जात होती, इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या हलणाऱ्या काड्या दिसाव्यात. त्र्याऐंशी साली मॅडम नुकत्याच बायोकेमिस्ट्री शिकवायला लागल्या होत्या. लग्न होऊन दादरहून बोळिंजला आलेल्या, नव्या मुलखाची अजून सवय नव्हती, म्हणून रविवारी नवऱ्याला घेऊन उगाच भटकायच्या. अशाच एका रविवारी वसईजवळच्या आचोळ्यात, खाडीच्या पाण्याने भरणाऱ्या खाजणाकडेला त्यांना एक डबकं दिसलं. पाणी तांबडं, कोकमाच्या आगळासारखं. यजमान म्हणाले, कोणीतरी रंगाचा डबा धुतला असेल. मॅडमनी थर्मासातला चहा तिथेच गवतावर ओतला, थर्मास विसळला आणि त्यात ते पाणी भरून घेतलं. यजमानांना त्या दिवशी चहा मिळाला नाही, याची आठवण ते पुढे जन्मभर काढत राहिले.

त्या पाण्यातून निघाली ती ही. उजेड खाऊन जगणारी, पण झाडांसारखा प्राणवायू न सोडणारी. उलट हवेशी तिचं वाकडं. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा म्हणून राहता कामा नये, झाकण घट्ट पिळायचं आणि बल्बसमोर ठेवायची. मध्ये पाण्याने भरलेली काचेची टाकी, म्हणजे बल्बचा उजेड पोचेल पण ऊब पोचणार नाही. मग चार-सहा दिवसांत बाटली हळूहळू रंगू लागे, आधी गुलाबी, मग तांबडी, मग जवळजवळ जांभळी. झाकण उघडं राहिलं आणि हवा लागली की रंग उडालाच. "मरत नाही ती," मॅडम दर वर्षी फळ्यावर चित्र काढून सांगत, "रंग करणं सोडून देते आणि आपल्यासारखी श्वास घेऊन जगू लागते. पुन्हा कोंडा, उजेडात ठेवा, पुन्हा रंगेल. परीक्षेत 'मरते' असं लिहिणाऱ्याला मी शून्य देईन." आणि देतही असत.

महिन्यातून एकदा जुन्या बाटलीतलं चमचाभर नव्या खाद्यात सोडायचं, नाहीतर ती उपाशी मरायची. हे काम शेवटच्या वर्षाच्या मुलांकडे, दोघादोघांच्या पाळ्या लावून. दरवर्षी नवी मुलं, बाटलीतली तीच. वसईच्या किती घरांतल्या पोरांनी तिला भरवलं त्याला गणती नाही. आज ती पोरं कुठे कुठे मोठ्या खुर्च्यांवर बसली आहेत, पण त्यांना विचारा, त्या मागच्या खोलीतला बल्बांसमोरचा तांबडा उजेड आणि चिखलाचा तो कुबट वास अजून सांगतील. हल्ली कॉलेजात प्रयोग म्हणजे पडद्यावर दाखवायची चित्रं झाली आहेत. तेव्हा प्रयोगाला वास असायचा.

नाव ठेवलं तेही एका वात्रट मुलानेच. हजेरी घेताना शेवटी म्हणाला, "मॅडम, आचोळेकरीण राहिली." मॅडम हसल्या नाहीत. त्या सहसा हसत नसत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याही तोंडात तेच नाव बसलं. फक्त प्रयोगशाळेतल्या बायजा मावशी तिला 'बाईंचं तांबडं पानी' म्हणत. "बाई, तुमच्या तांबड्या पान्याचा बलब गेला," अशी वर्दी त्या भर तासाला वर्गाच्या दारातून देत, आणि मॅडम खडू टाकून धावत सुटत.

नव्वदीनंतर आचोळं भरभर बदललं. खाजणात मातीचे ट्रक रिकामे होऊ लागले. एका वर्षी मॅडम पोरांना डबकं दाखवायला घेऊन गेल्या तर तिथे चार मजली इमारत, आणि खाली खांबांमध्ये लावलेली एक बजाज स्कूटर. मॅडमनी बराच वेळ अंदाज घेतला आणि त्या स्कूटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे." पोरांनी मुकाट्याने स्कूटरकडे पाहून घेतलं. त्या दिवसापासून आचोळेकरीण जगात फक्त मॅडमच्या बाटल्यांमध्ये उरली. तशी तीच जात दुसरीकडे कुठे मिळाली असती की नाही, कोण जाणे. मॅडमनी चार-पाच खाजणं पालथी घातली होती, त्यांना मिळाली नव्हती.

आता कोणीही शहाणं माणूस म्हणेल, मग एखादी बाटली दुसऱ्या कोणाकडे द्यावी. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेतले डॉ. हर्षवर्धन राजाध्यक्ष, मॅडमच्या एम.एस्सी.च्या वर्गातले, ते तर दोनदा फोन करून मागून चुकले होते. मॅडम दोन्ही वेळा म्हणाल्या, "अजून काम पूर्ण नाही झालं." काम पूर्ण नव्हतंच. कॉलेजचे तास, पेपर तपासणं, पाणी नसलेल्या दिवशी टँकरची रांग, यातून उरलेल्या वेळात काम ते किती होणार? पण खरं कारण ते नव्हतं. त्यांच्याकडची यंत्रं आपल्या पंधरा वर्षांचं काम सहा महिन्यांत उरकतील आणि वर नाव त्यांचं लागेल, ही मॅडमना भीती होती. विरजण मागायला आलेल्या शेजारणीला कधी रिकाम्या हाताने न पाठवणारी ही बाई, हिने आचोळेकरीण मात्र कोणाला चमचाभरही दिली नाही.

अठ्ठ्याण्णव साली शेवटच्या वर्षाला प्रिस्का तुस्कानो होती. गिरीज गावची. घरची केळीची आणि फुलांची वाडी, घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. पोरगी बोलायला कमी, पण हात असा हलका की बाटली भरावी तर तिने. विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेसाठी मॅडमनी तिला निवडलं होतं. तिचं कौतुक त्यांनी तोंडावर कधी केलं नाही. "पुन्हा कर" एवढंच म्हणत. पण इतरांना त्या "राहू दे, मी करते" म्हणायच्या, आणि दोन्हींतला फरक साऱ्या वर्गाला कळत होता.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची सगळी वायरिंग बदलायला काढली. वीज बंद. एरवी मॅडमनी बाटल्या घरी नेल्या असत्या, पण नेमकं तेव्हाच यजमानांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांना महिनाभर दादरला दिरांकडे राहावं लागणार होतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मॅडमनी बाटल्या दुसऱ्याच्या हाती दिल्या. बायजा मावशींच्या भाजीच्या टोपलीत गवत घालून त्या रचल्या आणि प्रिस्काला बजावलं, "चमचा टाकायचा त्याच दिवशी झाकण उघडायचं. एरवी कोणी बोट लावायचं नाही. बल्ब बंद करायचा नाही. जुन्या बाटल्या नव्या रंगेपर्यंत फेकायच्या नाहीत. कळलं?" प्रिस्काने मान हलवली. हे सगळं तिने एकटीने ऐकलं, आणि घोळ तिथेच झाला.

प्रिस्काच्या आईचं नाव रीटा. चौथी शिकलेली. घरात आणि वाडीत ती आपल्या बोलीत बोले, पण बाहेरच्या माणसाशी बोलायची वेळ आली की तिची मराठी एकदम बदले, कारण ती मराठी ती चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनांत आणि प्रवचनांत शिकली होती. त्यामुळे भाजी घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही ती म्हणायची, "आपण कृपया वांग्यांना दाबू नये." कॉलेजची वस्तू आपल्या घरी आली याचा तिला भारी अभिमान. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत टेबल मांडून तिने त्यावर इस्त्रीचा रुमाल अंथरला आणि शेजारपाजारच्या बायकांना बोलावून बोलावून बाटल्या दाखवल्या.

प्रिस्काने नव्या बाटल्या भरल्या, चमचा चमचा टाकला, झाकणं पिळली आणि दोनच दिवसांत मलेरियाने आडवी झाली. हुडहुडी, ताप, घाम आणि भ्रम. ती आतल्या खोलीत पडून होती, आणि बाहेरच्या टेबलाचा भार रीटाबाईंनी आपणहून उचलला.

नेमके नाताळच्या वाईनचे दिवस. गिरीजमध्ये घरोघरी बरण्यांत द्राक्षं मुरत घातलेली. वाईनचा नेम तिथल्या बायकांना हातच्या रेषांसारखा पाठ. फसफसायला लागली की झाकण घट्ट ठेवायचं नाही, गॅस धरतो आणि बरणी फुटते. तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं. रोज लाकडी डावाने ढवळायचं. रीटाबाईंनी मुलीच्या बाटल्यांकडे पाहिलं. तांबड्या, काठोकाठ भरलेल्या, वर झाकणं आवळलेली. कॉलेजची बाटली आपल्या घरात फुटली तर तोंड कुठे लपवायचं? तिने सगळी झाकणं काढली, ढवळताना उतू जाऊ नये म्हणून प्रत्येकीतलं थोडं थोडं काढून घेतलं, स्वच्छ फडकी बांधली आणि रोज सकाळी मिस्सेहून आली की आधी वाईन, मग आचोळेकरीण, असं सगळं मनापासून ढवळत राहिली.

प्रिस्का उठून भिंतीला धरत बाहेर आली तेव्हा नव्या बाटल्यांत मळकं, भाताच्या निवळीसारखं पाणी होतं. जुन्यांवर साय धरली होती आणि एका फडक्याला भोक पडून आत डासांनी घर केलं होतं. आई शेजारी डाव घेऊन उभी, चेहऱ्यावर समाधान. पोरीला रडू फुटलं. आईला वाटलं, अशक्तपणाने रडते. प्रिस्काने फडकी सोडली, झाकणं लावली, बाटल्या परत काठोकाठ भरायला खाद्य शोधू लागली, आणि दुसऱ्याच दिवशी मॅडम थेट दादरहून गिरीजला येऊन दारात उभ्या राहिल्या.

आई तेव्हा बाजारात होती. मॅडमनी टेबलावरच्या बाटल्या पाहिल्या. एक उचलली, उजेडात धरली, ठेवली. दुसरी उचलली.

"झाकणं कोणी उघडली?"

"मी," प्रिस्का म्हणाली.

"का?"

प्रिस्का टेबलावरच्या रुमालाची दुमडलेली कड सरळ करू लागली.

"मी का म्हणून विचारते आहे."

"मॅडम, पण त्या अजून..."

"एक शब्द बोलू नकोस. पंधरा वर्षं. पंधरा वर्षं मी कोणाच्या हातात दिल्या नाहीत, आणि तुझ्या दिल्या. उद्यापासून प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही."

त्यांनी बाटल्या टोपलीत भरल्या, रिक्षा केली, कॉलेज गाठलं. वायरिंग होऊन वीज आली होती. वाफेच्या दाबाने सगळं निर्जंतुक करणारं मोठं भांडं होतं, त्यात बाटल्या ठेवायला त्यांनी बायजा मावशींना सांगितलं. डास, साय, कुठलीकुठली बुरशी, असली घाण प्रयोगशाळेत नको.

"समदं तांबडं पानी?" मावशींनी विचारलं.

"सगळं."

भांड्याची शिट्टी वाजली तेव्हा मॅडम मागच्या खोलीत रिकाम्या मांडणीसमोर उभ्या होत्या. त्यांनी बेसिनचा नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. नवऱ्याच्या छातीला टाके होते, घरी जाऊन त्याच्यासमोर रडायची सोय नव्हती. चेहरा धुऊन त्या बाहेर आल्या आणि कोणी विचारलं की एवढंच म्हणू लागल्या, "संपलं ते." स्पर्धेत त्या वर्षी कॉलेजचं कोणीच गेलं नाही. प्रिस्का तासांना येई, मागच्या बाकावर बसे आणि घंटा झाली की निघून जाई.

नाताळच्या दोन-तीन दिवस आधी रीटाबाई कॉलेजात आल्या. नवी साडी, केसांत शेवंती, हातात कापडी पिशवी. कॉलेजात त्या पहिल्यांदाच येत होत्या. बायजा मावशींनी त्यांना मॅडमच्या खोलीत आणून बसवलं. पिशवीतून नाताळच्या तळलेल्या गोड फुग्यांचा डबा निघाला, घरच्या वाईनची बाटली निघाली.

"आपल्या यजमानांची प्रकृती आता उत्तम आहे ना? आम्ही त्यांच्याकरिता रोज रोझरी म्हटली."

"बरे आहेत," मॅडम म्हणाल्या. हिची मुलगी आपण हाकलून दिली आहे आणि ही फुगे घेऊन आली आहे.

"आणखी एक आपलीच वस्तू आहे," रीटाबाई म्हणाल्या आणि पिशवीच्या तळातून त्यांनी सरबताची एक जुनी बाटली काढली. "आपल्या बाटल्या फारच भरलेल्या होत्या. ढवळताना उतू जाऊ लागल्या. कॉलेजचं द्रव्य सांडून कसं चालेल? म्हणून मी वरचं काढून यात भरून ठेवलं. बूच घट्ट लावून खिडकीत ठेवली आणि मुलीच्या आजारपणात विसरून गेले. आज नाताळची साफसफाई करताना दिसली."

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि कोकमाच्या आगळासारखी तांबडी होती.

मॅडमनी ती दोन्ही हातांत धरली. "ढवळताना म्हणजे?"

"रोज ढवळत होते ना. प्रिस्काला बिचारीला शुद्ध कुठे होती? गॅस धरून फुटतील म्हणून पहिल्याच दिवशी झाकणं काढून फडकी बांधली. आमच्या वाईनचं करतो तसंच सगळं केलं. प्रेमाने निगा राखली मी त्यांची. परमेश्वराच्या कृपेने एकसुद्धा बाटली फुटली नाही."

मॅडमचं तोंड उघडलं. आयुष्यभराच्या सवयीने उघडलं. समोरची बाई विज्ञानाच्या दृष्टीने ओळीने चार चुकीची वाक्यं बोलली होती. पण नेमक्या त्याच क्षणी त्यांना दुसरंच काहीतरी लख्ख दिसलं. झाकणं पोरीने उघडलीच नव्हती. आणि ती "त्या अजून..." म्हणाली होती, ते वाक्य पुढे काय होणार होतं? त्या अजून जिवंत आहेत. दर वर्षी फळ्यावर चित्र काढून आपणच सांगतो, आणि 'मरते' लिहिणाऱ्याला शून्य देतो. डास गाळून काढता आले असते, घाण महिनाभरात वेगळी करता आली असती. पोरीला फटका मारायच्या रागात आपण आपल्याच हाताने सगळ्या उकळून मारल्या.

"मुलगी हल्ली घरी रडत असते," रीटाबाई सांगत होत्या. "कारण विचारलं तर बोलत नाही. आपण तिला विचाराल का? आपल्यावर तिचा फार विश्वास आहे."

मॅडम एवढंच म्हणाल्या, "विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, रीटाबाई मिस्सेला गेल्या असतील अशा बेताने, मॅडम गिरीजला गेल्या. प्रिस्का वाडीतल्या बावखळावर होती. शेताला पाणी द्यायचं जुनं तळं ते, त्याच्या पायरीवर बसून ती मुळ्याच्या जुड्या धूत होती. मॅडमना बघून उठली. मॅडम तिच्याशेजारी पायरीवर बसल्या, चांगल्या साडीचा विचार न करता.

"तू मला सांगणार होतीस त्या जिवंत आहेत म्हणून."

"हो."

"मी ऐकलं नाही. मारल्या मी, तू नाहीस. माझं चुकलं, प्रिस्का." हे वाक्य त्यांनी याआधी कोणापुढे म्हटल्याचं कोणाला आठवत नाही. "पण आईने उघडल्या हे तरी सांगायचं होतंस."

प्रिस्काने एक जुडी पाण्यात बुडवली, बाहेर काढली. "मॅडम, आई चौथीत शाळा सोडून वाडीत आली. कॉलेजची वस्तू तिच्या घरी होती ना, तेव्हा ती शेजारच्या बायकांना हाका मारून दाखवत होती. तिला कळलं असतं की तिच्याच हाताने वाटोळं झालं, तर ती परत कधी माझ्या पुस्तकालाही हात लावायची नाही. घाबरली असती. मला तसं नको होतं."

तळ्याकाठच्या केळीवर एक खंड्या येऊन बसला नि उडून गेला.

"परत ये प्रयोगशाळेत," मॅडम म्हणाल्या. "सरबताच्या बाटलीतून ती वेगळी काढायची आहे. माझे डोळे आता तितके चालत नाहीत."

"येईन. पण आईला कधी सांगायचं नाही. काहीच."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"नका बोलू. गप्प बसा."

"गप्प बसणं मला जमत नाही, तुला माहीत आहे."

"जमवा, मॅडम," प्रिस्का म्हणाली. तिच्या आवाजात थेट मॅडमचाच 'पुन्हा कर' होता. मॅडमना त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं.

सरबताच्या बाटलीत आचोळेकरणीबरोबर गिरीजच्या स्वयंपाकघरातली निम्मी जीवसृष्टी होती. तिला एकटीला बाहेर काढायला दोघींना उपवासकाळ उजाडला. ईस्टरच्या सुमाराला पहिली निर्मळ बाटली तांबडी झाली आणि मॅडमनी त्याच आठवड्यात तिचे भाग केले. एक पुण्याच्या जिवाणूंच्या संग्रहाला. एक डॉ. राजाध्यक्षांना, न मागता. ते फोनवर म्हणाले, "काम पूर्ण झालं वाटतं?" मॅडम म्हणाल्या, "नाही. तुम्ही करा, मीही करते." त्यानंतर कॉलेज सोडून जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात त्या एक बंद नळी देऊ लागल्या. काहींनी जपली, काहींनी आठवड्याभरात मारली. शोधनिबंध दोन वर्षांनी छापून आला, त्यावर मॅडमचं, प्रिस्काचं आणि राजाध्यक्षांचं अशी नावं होती. 'हवेच्या संपर्कात रंगद्रव्य पूर्णपणे नाहीसे होते' हे त्यात आलेखासकट सिद्ध केलेलं होतं.

प्रिस्काने पुढे राजाध्यक्षांकडेच डॉक्टरेट केली. दोन हजार सहा साली ती मिळाली तेव्हा घरी देवाचे उपकार मानायला मिस्सा ठेवली, अंगणात मांडव, पंगती, बँडवाले. गुडघे दुखतात म्हणून मॅडमनी तोवर मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. त्यांना आणि राजाध्यक्षांना मानाच्या खुर्च्या दिल्या होत्या. मटणाच्या इंद्यालाचा झणझणीत वास सगळ्या मांडवात पसरला होता. आणि रीटाबाई, गावातल्या चाळीस बायकांसमोर, गेली आठ वर्षं दर नाताळला सांगितलेली गोष्ट पुन्हा रंगवून सांगत होत्या. मुलगी तापाने फणफणलेली, कॉलेजच्या बाटल्या फुटायच्या बेतात, आणि एकट्या रीटाबाई. मॅडम दर नाताळला ही गोष्ट ऐकत आल्या होत्या आणि दर नाताळला ताटाकडे बघत गप्प बसत आल्या होत्या.

"झाकणं काढली, फडकी बांधली, रोज ढवळलं," रीटाबाई म्हणाल्या. "म्हणूनच ते जंतू जगले. विचारा आपण मॅडमना."

राजाध्यक्ष सरळ मनाचे विद्वान. त्यांना हसू आलं. "पण बाई, असं कसं होईल? त्यांना हवा लागली तर रंग जातो. झाकण तर उघडायचंच नसतं. ढवळलं म्हणजे..."

रीटाबाईंचा डाव हातातच राहिला. त्यांनी आधी राजाध्यक्षांकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग मॅडमकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान जागच्या जागी डळमळायला लागला. पंगतीच्या टोकाला वाढायचं भांडं घेऊन प्रिस्का उभी होती, ती हलली नाही.

मॅडमनी घसा साफ केला.

"आमच्या आचोळेकरणीला लागतं ढवळणं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "यांनी ढवळल्या म्हणून वाचल्या. एकसुद्धा फुटली नाही."

राजाध्यक्ष त्यांच्याकडे बघतच राहिले. "सुहासिनी, पण आपल्याच निबंधात..."

"निबंधात ते लिहायचं राहून गेलं," मॅडम म्हणाल्या.

"ऐकलंत?" रीटाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डॉक्टरांच्या ताटात आणखी दोन फुगे वाढले.